शेकर भगिनीचा शिवणाचा डबा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू विचारलंस, शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांचं स्वतःचं असं काय असायचं? कागदोपत्री काहीच नाही. पंथाच्या पुढारी अ‍ॅन ली १७७४ साली इंग्लंडहून न्यूयॉर्कला आल्या. त्यांच्या या पंथात पूर्ण सभासद होताना मालमत्ता समाजाच्या नावे करावी लागे. लग्न नाही. भाऊ-भगिनी, म्हणजे पुरुष आणि स्त्री सभासद, एकाच घरात, पण जिने वेगळे. स्वयंपाकाच्या, धुण्याच्या पाळ्या बदलत. कपड्यांवर मात्र फुलीच्या टाक्यानं आद्याक्षरं घालत, नाहीतर सामायिक धुण्यातून आपला कपडा ओळखायचा कसा? खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना उलट्या टांगत. बैठकीवर धूळ बसत नाही आणि झाडायला जमीन मोकळी.

तुला आवडेल तो त्यांनी विकायला केलेला पॉप्लर झाडाच्या लाकडाचा शिवणाचा डबा. लाकूड गोठलेलं असतानाच रंधत, म्हणजे पातळ सलग पट्ट्या निघतात. त्या काडीएवढ्या चिरून सुती ताण्यात बाण्यासारख्या विणत. मागं कागद चिकटवल्याशिवाय हे कापड कापलं तर कडा उसवतात. कडेला पांढरं मऊ चामडं, आत साटिन. रिबिनीनं बांधलेली टाचण्यांची गादी, सुया खोचायची पानं, दोऱ्याला लावायचं मेण आणि सुया घासायला कुरुंदाच्या पुडीची छोटी पुरचुंडी. कुरुंद गंज काढतो.

बाबा, तुम्हाला शेकरांचा लंबगोल डबा करून बघायचाय ना? भिंत मेपलची, तळ आणि झाकणाचा वरचा भाग पाइनचा. लहान डब्याला पट्टी साधारण दीड मिलिमीटर जाड, लाकडाच्या रेषा सरळ असलेली. एका टोकाला निमुळत्या जिभा कापायच्या, दुसरं टोक रंधून पातळ करायचं, नाहीतर आत उंचवटा येतो. गरम पाण्यात मऊ होईस्तोवर भिजवून फर्म्याभोवती वळवायची आणि तांब्याच्या चुका मारून टोकं आतून वळवायची. लोखंडी चुका गंजतात, लाकडावर काळे डाग पडतात. जिभा शोभेच्या नाहीत. सांधा सरळ रुंद ठेवला तर लाकूड फुगता-आकसताना चुकांपाशी चिरतं. अरुंद जिभेला हलायला जागा असते. झाकणाची पट्टी त्याच डब्यावर वळवून बेतायची.

तळ शेवटी, बारीक लाकडी खिळ्यांनी बसवायचा. तेवढं काम पावसाळ्यात नको, फुगलेला तळ उन्हाळ्यात आकसून फट पडेल.

तुमची लेक