जाळीच्या शालीचा नमुना छापताना टाक्यांची संख्याही छापा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अधूनमधून विणकामाचे नमुने येतात आणि त्यांत स्वेटर-टोप्यांच्या जोडीने जाळीच्या नाजूक शालींनाही जागा मिळते, याचे माझ्यासारख्या हौसेने विणणाऱ्या वाचकाला फार समाधान वाटते. गेली बरीच वर्षे मी बारीक लोकरीच्या शाली विणते आहे. विकण्यासाठी नव्हे, केवळ आवड म्हणून. त्या अनुभवावरून एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जाळीचा नमुना छापताना प्रत्येक ओळ संपल्यावर सुईवर किती टाके असायला हवेत ती संख्या कृपया छापावी, आणि शब्दांतल्या कृतीबरोबर चौकटींचा आलेखही (एक चौकट म्हणजे एक टाका) द्यावा. मागणी किरकोळ वाटेल. परंतु नवख्या माणसाची शाल पूर्ण होते की सुयांसकट पिशवीत पडून राहते, हे पुष्कळदा एवढ्याच गोष्टीवर ठरते.

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकातला त्रिकोणी शालीचा नमुना मी विणायला घेतला होता. अर्ध्यापर्यंत काम सुरळीत झाले आणि मग एका ओळीच्या शेवटी टाके अकरा कमी भरले. बारीक लोकरीत एखादा टाका नकळत गळणे नवीन नाही, म्हणून चूक माझीच असणार असे धरून मी ती ओळ उसवली आणि पुन्हा विणली. पुन्हा अकराच कमी. तिसऱ्यांदा उसवताना केसाळ लोकर टाक्यांत गुंतून तुटली आणि खालच्या दोन ओळीही हातच्या गेल्या. शेवटी चौकटीच्या वहीत ती ओळ टाक्या-टाक्याने मांडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. आकृतीत दोन ठिकाणी ‘लोकर पुढे’, म्हणजे टाका वाढवणारा वेढा, असायला हवे होते आणि छापताना त्यातले एक गळले होते. ती आकृती ओळीत अकरा वेळा येत होती, म्हणून अकरा टाके कमी. त्या ओळीपुढे टाक्यांची संख्या छापलेली असती, तर चूक माझ्या हातात नसून कागदावर आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळले असते. मला वहीत मांडून पाहणे सुचले. पहिलीच शाल विणणाऱ्याला ते सुचेलच असे नाही, आणि आपल्याला हे जमणारे नाही असे ठरवून तो सुया ठेवून देतो. मला सर्वांत अधिक वाईट वाटते ते याचे.

ज्यांनी ही वीण केलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. जाळीतले भोक कापून केलेले नसते. धागा पुढे घेऊन सुईवर एक मोकळा वेढा दिला, की पुढच्या ओळीत त्या वेढ्याचा टाका होतो आणि त्याच्या खाली भोक राहते. अशा प्रत्येक वेढ्याने एक टाका वाढतो. म्हणून जवळच, किंवा काही विणींत दोन-चार ओळींनंतर, दोन टाके एकत्र विणून तो टाका कमी करावा लागतो. वेढा आणि जोड यांचा हा हिशेब म्हणजेच जाळीची वीण. पाने, लाटा, कमानी सारे त्यातूनच उमटते. सरळ पट्टीत हिशेब बरोबरीचा असतो. मानेपासून खाली विणत नेलेल्या त्रिकोणी शालीत मात्र बहुधा एकाआड एक ओळीत चार टाके वाढतात, दोन्ही कडांना एकेक आणि मधल्या टाक्याच्या दोन बाजूंना एकेक. सात टाक्यांनी सुरुवात केली तर वाढीच्या आणि बिनवाढीच्या मिळून १०० ओळींनंतर सुईवर २०७ टाके असायला हवेत. विणणाऱ्याला हे तोंडी ताडून पाहता येते, पण त्यासाठी नमुन्याने निदान आरंभाचा आकडा आणि वाढीचा नियम स्पष्ट सांगायला हवा.

वाचकाच्या हाती नियम दिला की काय साधते, याचे सुंदर उदाहरण विणकामावरच्या प्रसिद्ध लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांच्या गोल शालीत आहे. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. म्हणून केंद्रापासूनचे अंतर दुप्पट झाले की टाकेही दुप्पट करायचे, आणि मधल्या फेऱ्यांत वाढीचा विचारच करायचा नाही. नऊ टाक्यांचे अठरा होतात. तीन फेऱ्यांनंतर ३६, आणखी सहा फेऱ्यांनंतर ७२, मग बारा फेऱ्यांनंतर १४४, चोवीस फेऱ्यांनंतर २८८, अठ्ठेचाळीस फेऱ्यांनंतर ५७६. मधल्या पट्ट्यांत आपल्याला आवडेल ती जाळी घालावी. तिच्या आकृतीच्या टाक्यांनी त्या पट्ट्यातल्या टाक्यांना निःशेष भाग गेला म्हणजे झाले. ७२ टाक्यांच्या पट्ट्यात आठांची आकृतीही बसते, नवांची आणि बारांचीही बसते. असा नमुना चार ओळींत छापता येतो आणि वाचक त्यातून स्वतःची शाल घडवू शकतो. मी पहिल्यांदा ती विणली, तेव्हा नमुन्याचा कागद दुसऱ्या दिवशीच बाजूला ठेवला होता.

दुसरी अडचण भाषेची आहे. आपल्याकडच्या बहुतेक छापील कृतींत ‘दोनाचा एक’ एवढेच लिहिलेले असते. साध्या विणीत तेवढ्याने भागते, जाळीत भागत नाही. दोन टाके एकत्र सुलट विणले तर जोड उजवीकडे झुकतो. एक टाका न विणता उजव्या सुईवर घेतला, पुढचा सुलट विणला आणि न विणलेला त्यावरून ओलांडून सोडला, तर जोड डावीकडे झुकतो. पानाच्या आकृतीत एका कडेला एक जोड आणि दुसऱ्या कडेला दुसरा लागतो, तरच पान टोकाकडे निमुळते होते. दोन्ही कडांना एकच जोड घातला तर टाके बरोबर भरतात, हिशेब कुठेही चुकत नाही, आणि तरीही पान एका अंगाला कललेले दिसते. तीन टाक्यांचा एक करतानाही मधला टाका वर राहून सरळ कणा दिसावा की एका बाजूचा टाका वर यावा, हे सांगावे लागते. ‘उजवा जोड’, ‘डावा जोड’ आणि ‘मधला जोड’ असे तीन शब्द आपल्या पुरवणीने ठरवून घेतले आणि एकदाच चित्रांसह समजावून दिले, तर पुढे प्रत्येक नमुन्यात ते निःशंक वापरता येतील.

आलेखाचा आग्रह मी धरते तो याहून मोठ्या कारणासाठी. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर, विशेषतः अन्स्ट या उत्तरेकडच्या बेटावर, एकोणिसाव्या शतकात स्त्रिया हाताने कातलेल्या अतिशय बारीक लोकरीच्या शाली विणू लागल्या. अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येत असे. रशियातील ओरेनबुर्गच्या शेळ्यांच्या मऊ लवीच्या शालींचीही हीच ख्याती आहे. ही विद्या मुख्यतः पाहून आणि हाताने करून पुढे गेली. विणणारीच्या मनात शब्दांची माळ नसे, आकृती असे. शेटलंडच्या विणींची नावेच पाहावीत: मांजराचा पंजा, लाटेचा ठसा, पक्ष्याचा डोळा. आलेख हे त्या डोळ्याने पाहण्याचे छापील रूप आहे. ‘दोन सुलट, लोकर पुढे, उजवा जोड’ अशी सलग दीड परिच्छेदाची कृती वाचताना डोळा एक ओळ चुकला तर कळत नाही. आलेखात मात्र या ओळीचे भोक खालच्या ओळीतल्या भोकाच्या कुठे यायला हवे ते समोर दिसते आणि सुईवरच्या कामाशी ताडून पाहता येते. आपण उसवायला शिकतो तेही अशाच पाहण्यातून. आलेख वाचण्याची रीत मात्र सांगितली पाहिजे, कारण आपली लिपी डावीकडून उजवीकडे वाचण्याची सवय डोळ्यांना असते, आणि आलेखातली सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची असते. उलट बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे, आणि गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडूनच.

लोकरीचे वजन आणि सुईचा क्रमांक यांबद्दल थोडक्यात लिहिते. ‘१०० ग्रॅम लोकर’ या शब्दांना जाळीकामात फारसा अर्थ नाही. स्वेटरच्या मध्यम जाड लोकरीची १०० ग्रॅमची लडी सुमारे २०० मीटर भरते, जाळीच्या बारीक लोकरीची ८०० मीटरच्या आसपास, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या अतिबारीक लोकरीची त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून लांबी मीटरमध्ये द्यावी. सुईची जाडीही मिलिमीटरमध्ये द्यावी. १० क्रमांकाची सुई जुन्या ब्रिटिश मापाने ३.२५ मिलिमीटरची असते आणि अमेरिकी मापाने ६ मिलिमीटरची.

ज्या गोष्टीचा उल्लेख छापील नमुन्यांत सर्वांत कमी आढळतो, ती म्हणजे शाल धुऊन ताणून वाळवणे. सुईवरून उतरवलेली जाळीची शाल चुरगळलेली, आखडलेली आणि ओबडधोबड दिसते. नवखा माणूस ती पाहून हिरमुसतो, आणि त्याला कोणी सांगितलेले नसते की काम अजून संपलेले नाही. शाल कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्यावी, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबावी, मग सपाट गादीवर पसरून काठाचे एकेक टोक ओढून टाचण्यांनी पक्के करावे आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. लोकरीच्या तंतूंतील काही दुर्बळ बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, त्यामुळे टाचण्या काढल्यावरही भोके उघडी राहतात आणि काठाची टोके टोकदार राहतात. पुढच्या धुण्यात ते बंध पुन्हा सुटतात, म्हणून प्रत्येक वेळी शाल अशीच ताणून वाळवावी लागते. ॲक्रिलिकच्या धाग्याला नुसत्या पाण्याने असा आकार धरता येत नाही. या कारणाने जाळीच्या नमुन्यात धागा कोणता हे सांगणे सजावटीचे नाही, आवश्यक आहे. आणि दिलेली लांबी-रुंदी ताणण्यापूर्वीची की नंतरची, तेही लिहायला हवे, कारण दोन्हींत मोठा फरक पडतो. टाचण्या काढून शाल पहिल्यांदा हातात उचलते तो क्षण, इतक्या वर्षांनंतरही, या छंदातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे.

काही बारकावे एका वाक्यानेही सुधारतात. एस्टोनियातील हाप्सालूच्या शालींत ‘नुप्प’ नावाच्या फुगीर गाठी असतात. एकाच टाक्यातून पाच, सात किंवा नऊ वेढे काढून पुढच्या ओळीत ते सारे एकत्र उलट विणायचे असतात. हे वेढे अगदी सैल ठेवावेत, एवढे लिहिले नाही तर सुईचे टोक सात वेढ्यांत शिरतच नाही. तसेच, दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सर्व टाक्यांतून ओवून ठेवावा, म्हणजे उसवावे लागलेच तर काम त्या दोऱ्यापाशी थांबते, ही सूचना प्रत्येक नमुन्यात असावी, आणि दोरा कोणत्या ओळीत ओवणे सोपे पडेल तेही नमुन्यातच खुणेने दाखवावे.

जागेची अडचण मी समजू शकते. परंतु आकृतीचा एक आलेख तळहाताएवढ्या जागेत मावतो आणि शब्दांची बरीच पुनरुक्ती वाचवतो. टाक्यांची संख्या तर ओळीच्या टोकाला एका आकड्याचीच जागा घेते. शालीचे छायाचित्र थोडे लहान झाले तरी कोणाची तक्रार असणार नाही. छपाईपूर्वी निदान एक पूर्ण आकृती, मूळ लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, छापलेल्या मजकुरावरूनच विणून पाहावी, आणि तरीही चूक राहिली तर दुरुस्ती पुढच्याच अंकात त्याच पानावर द्यावी. हे विणून पाहण्याचे काम मी विनामोबदला आनंदाने करीन. एका आकृतीला एक संध्याकाळ पुरते, आणि प्रत मिळाल्यापासून तीन दिवसांत टाक्यांच्या आकड्यांसह ती परत पाठवता येईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक