संगणक मिळतो, देखभालीचं काय?

संपादक महोदय,

एका छोट्या सेवाभावी संस्थेचे हिशेब मी पाहते. देणगीदार जुने संगणक हौसेनं देतात, फोटोही काढून घेतात. पण बॅकअप, दुरुस्ती, प्रशिक्षण म्हटलं की ‘हा तर प्रशासकीय खर्च’ म्हणत हात वर करतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, संपला. विंडोज ११ न पेलणारी दानातली यंत्रं तेव्हापासून कपाटावर आहेत. सेवाभावी संस्थांना तंत्रज्ञान मिळवून देणाऱ्या ‘टेकसूप’ या संस्थेमार्फत सॉफ्टवेअर सवलतीत मिळतं, ही मोठीच सोय. ते शिकवायला माणूस मात्र पगारीच लागतो. म्हणून हल्ली मी प्रत्येक प्रकल्पाच्या अर्जातच तंत्रज्ञानाचा खर्च घालते, त्यासाठी वेगळी झोळी पसरत नाही. निधी देणाऱ्यांनी तेवढा रकाना खोडू नये, ही विनंती.

– एक हिशेबनीस