मुग्धास, उद्घाटनाच्या तारखेबद्दल

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी कोणी ठेवला ते राहू दे. तुझा मार्केटिंग प्लॅन रात्री पुन्हा वाचला, आईलाही वाचून दाखवला. मानपाड्याच्या गाळ्यासमोर उभी राहून दुपारी एकला कोण जेवायला बाहेर पडतं, रात्री आठनंतर कुठल्या सोसायटीतून माणसं खाली उतरतात, हे सगळं तू टिपलंयस. वागळे इस्टेटच्या ऑफिसांना दुपारचं जेवण पाठवायचं, हेही पटलं. बँकेत हॉटेलांच्या कर्जाच्या फायली मी वर्षानुवर्षं पाहिल्या; इतकी तयारी क्वचित दिसली. फार अभिमान वाटला गं.

पण तारीख! गटारीच्या आधीचा शनिवार. गर्दी होईल, शंकाच नाही. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मालवणी हॉटेलची पहिलीवहिली सुरमई बर्फातली वाढणार का? आणि गटारी सरली की श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. "आता कोण पाळतं बाबा?" म्हणालीस. आपल्याच मजल्यावर विचारून बघ.

त्यात ॲपवर पन्नास टक्के सूट. अडीचशेची थाळी सव्वाशेला, त्यातून ॲपचं कमिशन, डबा, पिशवी, आणि नारळ काय भावाने मिळतो ते तुला माहीत आहेच. सवलतीसाठी आलेलं गिऱ्हाईक सवलत संपली की दुसरीकडे जातं. त्यापेक्षा शेजारच्या दोन सोसायट्यांना आधी आठवडाभर मोजक्या ताटांचं जेवण घाल, स्वयंपाकघराचा हात बसू दे, मग रील्स काढ. भाषण झालं, माफ कर. या विषयात शिकलेली तू आहेस.

आजी तुला चेंदणी कोळीवाड्यात न्यायची, आठवतं? परकर चिखलाने माखलेला, आणि कोळिणीसमोर उभी राहून म्हणायचीस, "कल्ला उघडून दाखवा." आत लालभडक दिसलं तरच आजी पिशवी पुढे करायची. पावसाळ्यात मात्र तिकडे फिरकायची नाही. बरणीतले सोडे, सुके बोंबील निघायचे. श्रावणात काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या. त्या सांबारासाठी दत्ताकाका भर पावसात कळव्याहून यायचा. तुझ्या मेन्यूत यातलं एकही नाही. असं का?

तर तारखेचं सांगत होतो. दसऱ्याला पूजा कर, दुसऱ्या दिवसापासून गल्ला सुरू. नवरात्र संपलेलं, मासा ताजा, लोकांच्या हातात दिवाळीचा बोनस यायची वेळ. तोवर रिकाम्या गाळ्याचं भाडं अंगावर पडतं, हीच तुझी अडचण ना? ते भाडं मी भरतो. पोस्टातली ठेव पिकलीच आहे. दादाच्या वेळचं सगळं अजून मनातून जात नाही, म्हणून एवढं बोलतो. तू त्याच्यासारखी नाहीस, हे आई मला रोज सांगते आणि मलाही दिसतं.

शेवटी हॉटेल तुझं. गटारीच्या आधीच उघडायचं ठरवलंस, तर निदान सुरमई मेन्यूतून काढ आणि सोडे, काळे वाटाणे घाल. आंबोळीचं पीठ आई भिजवून देईल. ती तर आत्ताच तयार आहे.

गुरुवारी संध्याकाळी येतो. भाड्याचा करार काढून ठेव.

तुझे,
बाबा

ता. क. पत्रकं छापायला दिली नसशील ना? दिली असशील तर छापखान्यात फोन करून तारखेची जागा कोरी ठेवायला सांग.