टूथपेस्टपासून नाणं वाचवणाऱ्या काकांना

काका, हे असं सगळ्यांसमोर लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही माहितीय, पण फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "वजन केलंस का?" विचारता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या वर्षी एका प्रदर्शनातून मी "अरबी चांदी" म्हणून एक काळपट नाणं उचललं, विकणाऱ्यालाच धड माहिती नव्हती. घरी टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन बसलोच होतो, त्याआधी सहज तुम्हाला फोटो टाकला. दोन मिनिटांत फोन. "हात लावू नकोस त्याला!" एवढ्या जोरात की आई किचनमधून बाहेर आली.

मग व्हिडिओ कॉलवर तुम्ही बॅटरी समोरून नाही, बाजूने धरायला लावलीत, आणि सावली पडली तशी एकेक ओळ उठून दिसायला लागली. एका बाजूला कलिमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन. दुसरीकडे मधोमध अरबीत गाझान महमूद, आणि वरखाली जिला मी नक्षी समजत होतो ती निघाली उइघुर लिपीतली मंगोल भाषा, नाणं पाव फेरा फिरवलं की उभी वाचायची, अर्थ साधारण "आकाशाच्या बळाने, गाझानने पाडलेलं". म्हणजे चंगीझ खानाचा नातू हुलागू, त्याचा हा पणतू गाझान 1295 मध्ये मुसलमान झाला, इराणवर राज्य करतोय, कलिमा छापतोय आणि तरी बापजाद्यांचा देव, ते आकाश, काही सोडत नाहीये! आणि कडेला ती फाग्स-पा अक्षरं, कुबलाई खानासाठी तिबेटी लामाने बनवलेल्या लिपीतली, अभ्यासक ती "चक्रवर्ती" अशी वाचतात म्हणालात तेव्हा खरंच काटा आला अंगावर. आपला शब्द, कुठून कुठे गेलाय बघा.

सोनाराच्या काट्यावर 4.28 ग्रॅम भरलं. गाझानचा दुहेरी दिरहम (दिरहम म्हणजे तिकडचं चांदीचं नाणं) 4.3 च्या आसपासच पाहिजे हे तुमच्यामुळे कळलं, आणि त्याच्या चुलत्याने, गैखातूने, 1294 मध्ये तबरीझला कागदी नोटा काढून बाजार कसा बंद पाडला होता ते पण. त्या फजितीनंतर वजनाला पक्कं नाणं म्हणजे लोकांना केवढं वाटलं असेल!

दिसायला म्हणाल तर ठसा सरकलेला, साल काठाबाहेर गेलेलं, मित्र म्हणतो यापेक्षा राणीछाप रुपया बरा. म्हणू दे.

परवा गाझानचा पुतण्या अबू सईद, जो नंतर तिथेच राजा झाला, त्याचं एक मिळालंय, वजनाला बरंच हलकं. रविवारी फोन करतो, ब्रश आईने लपवून ठेवलाय.