थेंब घेतलात, आता रिपोर्टही द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सुईने नशा करणाऱ्यांची हिपॅटायटिस सी तपासणी व उपचार एकाच ठिकाणी मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी मुंबईत एका टीआय प्रकल्पात (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्यांमध्ये काम करणारा प्रकल्प) समुपदेशक आहे. हार्बर लाइनच्या रुळांलगत, उड्डाणपुलांखाली, पडक्या गोदामांच्या आडोशाला बसणारे, ज्यांना सगळे ‘गर्दुल्ले’ म्हणतात, ते आमचे क्लायंट. नवी सुई द्यायची, वापरलेली परत घ्यायची, जखम धुऊन पट्टी करायची आणि समजूत घालून एचआयव्हीच्या तपासणीला न्यायचं, हे आमचं रोजचं काम. एचआयव्हीच्या बाबतीत यंत्रणेने इतक्या वर्षांत खरोखर घडी बसवली आहे. आजची तक्रार दुसऱ्या विषाणूची आहे.

हिपॅटायटिस सी सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो. सुई ज्याची त्याची असली तरी भागत नाही. माल विरघळवायचं झाकण एकच, गाळायचा कापूस एकच, पाण्याची बाटली एकच, एवढ्यानेही लागण होते. त्यानंतर वीस-वीस वर्षं काही जाणवत नाही. पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते, तोवर लिव्हरचं जायचं ते गेलेलं असतं. माणूस गेला की पुलाखालचे म्हणतात, दारूने गेला.

2017 च्या एचआयव्ही सेंटिनल सर्वेक्षणात (ठरावीक ठिकाणी ठरावीक काळाने होणाऱ्या सरकारी पाहणीत) सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 6.26 टक्के निघालं होतं. देशातल्या सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते त्या वर्षी 0.22 टक्के होतं. जिथे एचआयव्ही इतका पसरला, तिथे त्याच सुईवरून हिपॅटायटिस सी किती पसरला असेल, याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात हिपॅटायटिस सीचे सुमारे 55 लाख रुग्ण होते. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताही नाही.

हे सेंटिनल सर्वेक्षण कसं होतं ते आपल्याला सांगायला हवं असं नाही, तरी सांगते. बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदाच्या कार्डावर घेतात, कार्ड वाळवतात आणि लॅबला पाठवतात. वर नाव नसतं, आणि नसावंच. नाव विचारलं असतं तर एकानेही बोट पुढे केलं नसतं. अलीकडे याच सर्वेक्षणात हिपॅटायटिसचीही तपासणी होऊ लागली, हेही चांगलंच झालं. पण त्यातून टक्केवारी मंत्रालयात आणि दिल्लीत पोचते. ज्याचा थेंब घेतला त्याला मात्र काहीच कळत नाही. त्याला आपला रिपोर्ट हवा असेल तर वेगळी तपासणी करावी लागते, आणि तिथेच सगळं अडतं.

रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. दहातल्या साधारण तिघांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो, तरी टेस्ट पॉझिटिव्हच दाखवत राहते. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू आत्ता आहे का आणि किती आहे याची तपासणी, करावा लागतो. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जायचं, केसपेपर काढायचा, आधार दाखवायचं (पुलाखाली झोपणाऱ्याचं आधार चोरीला जाऊन जमाना झालेला असतो), आणि शिरेतून रक्त द्यायचं. वर्षानुवर्षं टोचून या लोकांच्या शिरा दगडासारख्या झालेल्या असतात. एकदा रक्त घेणाऱ्या मुलीने दोन्ही दंडांना पट्टा बांधून पाहिला, शीर मिळेना. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. शेवटी आमच्या माणसाने पँट वर ओढली, पोटरीच्या मागे बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, इथून घ्या, ही अजून चालू आहे.” ती घाबरली आणि तिने घेतलंच नाही. “उद्या या,” म्हणाली. तो परत कशाला जाईल?

महोदय, औषध नाही अशातला भाग नाही. 28 जुलै 2018 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून औषध मोफत आहे. रोज एक-दोन गोळ्या, साधारण बारा आठवडे, आणि शंभरातले पंचाण्णव बरे होतात. शिवाय या गोळ्या आपल्याच देशात बनतात.

आणि गोळी खाऊ घालायची जागाही तयार आहे. ओएसटी केंद्रावर, म्हणजे सुईच्या नशेऐवजी औषधाची गोळी देणाऱ्या केंद्रावर, आमचे क्लायंट रोज येतात. ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी जिभेखाली ठेवून, ती विरघळेपर्यंत नर्ससमोर बसतात. ज्या माणसाला “हा फॉलोअपला येणार नाही” म्हणून उपचार सुरूच केले जात नाहीत, तो या खिडकीवर पावसातही हजर असतो. त्याच वेळी, त्याच नर्सच्या हातून हिपॅटायटिसची गोळी का देऊ नये? पंजाबने 2016 मध्येच मोफत उपचार जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेऊन दाखवले. आपण ओएसटी केंद्रापर्यंत न्या.

तपासणीचंही तेच. क्षयरोगाच्या तपासणीसाठी घेतलेल्या जीनएक्सपर्ट मशीनवर हिपॅटायटिस सीचा व्हायरल लोड होतो. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट मशीन कोविडमध्ये तालुक्यातालुक्यांत पोचलं, त्यावरही होतो. बोटाच्या थेंबावर तासाभरात निकाल देणारी पद्धतही आली आहे. आठवड्यातून एक दिवस असं एखादं मशीन आमच्या सेंटरवर आणा. तासभर बसवून ठेवायला चहा आणि कॅरम आमच्याकडे आहे.

एक भीती मात्र स्पष्ट लिहिते. नोंदी वाढल्या की त्यांची यादी होते, आणि यादी पोलिसांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. एचआयव्हीसाठी 2017 चा कायदा आहे. तो माहिती गुप्त ठेवायला लावतो आणि सुई-वाटपासारख्या कामाला गुन्हा ठरू देत नाही. तरीही सुया वाटणाऱ्या आमच्या मुलांना पिशवीतल्या सुयांवरून चौकीत बसवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. हिपॅटायटिसला तर असं स्वतंत्र कवचही नाही. त्यामुळे आधारऐवजी प्रकल्पाचा कोड चालेल आणि ही माहिती आरोग्य खात्याबाहेर जाणार नाही, असा शासन निर्णय आधी काढा, मशीन मागाहून पाठवलंत तरी चालेल. उपचार चालू असताना कोणाला अटक झालीच, तर उरलेल्या गोळ्या तुरुंगाच्या दवाखान्यात पोचतील, एवढी एक ओळ त्यात गृह खात्याशी बोलून घाला.

सुरुवात मुंबईतल्या एकाच ओएसटी केंद्रापासून करा. कोणत्या, ते आपण ठरवा. सकाळी गोळीच्या वेळेला आपण किंवा आपले सचिव आलात, तर क्लायंटशी बोलणं करून द्यायला मी तिथे असेन.

आपली नम्र,
टीआय प्रकल्पातील एक समुपदेशक, मुंबई