लाच घेणे कर्तव्यात मोडत नाही म्हणे!

संपादक महोदय,

परवाच्या अंकातले ‘जनतेच्या पैशातून आरोपींचे लाड कशाला?’ हे पत्र वाचले. लाचेच्या खटल्यातून सुटलेल्या कर्मचाऱ्याला बचावाचा खर्च सरकारने देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. रात्रभर डोक्यात तेच घोळत होते, म्हणून हे लिहितो. निर्दोष सुटलेल्यालाही ‘आरोपी’च म्हणायचे, ही सवय सरकारलाही आहे. तेव्हा त्या पत्रलेखकांना एकट्यालाच दोष देत नाही.

मी सरकारी कार्यालयात यूडीसी, म्हणजे वरिष्ठ कारकून होतो. माझ्या टेबलाच्या खणात नोटा सापडल्या तेव्हा मी खाली चहाला गेलो होतो. याने पैसे मागितलेच नव्हते, असे तक्रारदाराने उलटतपासणीत स्वतःच कबूल केले. ते त्याच्या तोंडून बाहेर पडायला नऊ वर्षे लागली. कोठडीत ४८ तास उलटले की निलंबन आपोआप होते, तसे माझे झाले. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता अर्धपगारी रजेच्या हिशेबाने. वकील मात्र अर्ध्या फीवर उभा राहत नाही. तारीख आली की डिचोलीहून कदंबा बस पकडून पणजीला जायचे, न्यायाधीश रजेवर आहेत असे ऐकायचे, वकिलाच्या कारकुनाला चहापाण्याचे द्यायचे (याला लाच म्हणत नाहीत) आणि घरी यायचे. दोन हंगामांच्या काजूचे पैसे त्यात गेले, मग वडिलांनी लावलेले कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग गेली. निवृत्त झालो तरी खटला उभाच, म्हणून ग्रॅच्युइटी अडकली आणि पेन्शन ‘तात्पुरती’.

सुटल्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाचा ८ जानेवारी १९५९ चा आदेश शोधून काढला. खटला सरकारनेच भरलेला असेल तर तो चालू असताना मदत नाही. पण निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला आणि त्याला योग्य कारणाशिवाय हे सोसावे लागले अशी सरकारची खात्री पटली, तर बचावाचा सगळा खर्च किंवा त्याचा वाजवी हिस्सा देण्याचा विचार होऊ शकतो. राज्यघटनेच्या ३२० व्या कलमातही अशा दाव्यांबाबत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याचा उल्लेख आहे. म्हणजे हे लाड घटनाकारांनाही सुचले होते तर!

अर्ज केला. चौदा महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: लाच घेणे हे शासकीय कर्तव्यात मोडत नाही, सबब दावा अमान्य. अगदी बरोबर. पण मी ती घेतलीच नाही असे कोर्ट म्हणते ना? मग त्या दिवशी मी करत काय होतो? फायली निकालात काढत होतो, म्हणजे कर्तव्यच की!

पुन्हा अर्ज केला. या वेळी ‘खटला विनाकारण होता असे दिसून येत नाही’. दिसणार कसे? खटल्याला मंजुरी त्याच खात्याने दिलेली. आपली सही चुकली, असे कोण स्वतःच्या हाताने लिहून देतो? शिवाय वकिलाच्या पावत्या मागितल्या. नऊ वर्षांत मला पावती फक्त कदंबाच्या कंडक्टरने दिली. ती तिकिटे जोडू का, असे विचारले, त्याला अजून उत्तर नाही.

पत्रलेखकांना जनतेच्या पैशाची एवढीच काळजी असेल तर सरकारी वकिलाचा पगार कोणाच्या खिशातून जातो तेही विचारावे. तो खटला हरला तरी त्याला पावती लागत नाही.

जाता जाता एक तुमच्यासाठी. माझ्या अटकेची बातमी तुम्ही पहिल्या पानावर छापलीत, तोंडावर रुमाल घेतलेल्या फोटोसकट. सुटकेची बातमी सातव्या पानावर, शिमगोत्सवाच्या जाहिरातीखाली चार ओळी, त्यातही आडनाव चुकलेले.

या पत्राखाली माझे नाव छापू नये ही विनंती. एकदा छापलेत, तेवढे पुरे.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, डिचोली