ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत बिलात वेगळी दाखवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचे (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचे) नेहमीचे सुरक्षा-अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या सुमारास वृत्तपत्रांतून जुन्या संगणकाचे काय करावे याविषयी बरेच सल्ले वाचायला मिळाले. परंतु एका कंपनीच्या एका निर्णयामुळे गावोगावच्या शाळा, छापखाने आणि हिशेबनिसांची कार्यालये एकाच वेळी खर्चात कशी पडतात, हा प्रश्न मला त्यांत आढळला नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी संगणक जुळणी आणि दुरुस्तीचा व्यवसाय करतो. माझ्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी बहुतेकांना आपण ऑपरेटिंग सिस्टीम विकत घेतली आहे याचीच कल्पना नसते, कारण तिची किंमत त्यांना कोणी कधी वेगळी सांगितलेलीच नसते. या बाजारातील स्पर्धेचे खरे दुखणे तिथेच आहे, असे माझे मत आहे.

विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. त्यामुळे २०१८ मध्ये सातव्या पिढीचे संगणक घेतलेल्या शाळेची यंत्रे एसएसडी (वेगवान साठवण) घातल्यावर आजही उत्तम चालत असली, तरी कंपनीच्या लेखी ती अपात्र ठरतात. टीपीएममुळे सुरक्षितता वाढते हे खरे आहे आणि एकच प्रणाली दहा वर्षे सांभाळणे हे थोडे काम नव्हे, हेही मी मान्य करतो. माझा आक्षेप अटींच्या असमानतेला आहे. घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्ष अपडेट हवे असतील, तर त्याने ३० डॉलर भरावेत, कंपनीचे १,००० रिवॉर्ड पॉइंट द्यावेत किंवा आपल्या सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवावा, असे तीन मार्ग ठेवण्यात आले. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर मात्र युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना हेच अपडेट पैसे न घेता आणि बॅकअपची अट न घालता देण्याचे ठरले. वस्तू एकच, कंपनी एकच. फरक पडला तो विचारणारे कोणी होते की नाही, याचा.

ही परिस्थिती कशी निर्माण झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने पुरवली होती. ती मुळात सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीची. लाख डॉलरपेक्षाही कमी रकमेत मायक्रोसॉफ्टने तिचे हक्क घेतले. व्यवहारातली खरी हुशारी पुढे होती. तीच प्रणाली इतर उत्पादकांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. आयबीएमच्या यंत्राशी सुसंगत असे संगणक पुढे अनेक कंपन्यांनी बनवले, यंत्रांच्या किमती आपसातील चढाओढीने उतरत गेल्या आणि त्या सर्व यंत्रांवर चालणारी मायक्रोसॉफ्टची ती प्रणाली, एमएस-डॉस, मात्र एकाच दुकानातून जात राहिली. प्रतिस्पर्धी सीपीएम-८६ ही प्रणालीही आयबीएमने विक्रीस ठेवली होती, पण तिची किंमत २४० डॉलर आणि पीसी-डॉसची (एमएस-डॉसचीच आयबीएमने विकलेली आवृत्ती) ४० डॉलर असताना ग्राहकाने काय निवडले असेल, हे सांगायला नको.

इथवर हा यशस्वी व्यापार होता आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. गैर पुढे झाले. उत्पादकाने किती संगणकांवर एमएस-डॉस घातली यावर शुल्क न आकारता त्याने एकूण किती संगणक विकले यावर ते आकारायचे, असे करार मायक्रोसॉफ्टने अनेक उत्पादकांशी केले. म्हणजे एखाद्या उत्पादकाने काही यंत्रांवर डिजिटल रिसर्च या प्रतिस्पर्धी कंपनीची डीआर-डॉस घातली, तरी त्या यंत्रांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचेच. गावातल्या एकाच दूधवाल्याने, तुम्ही दुसऱ्याकडून दूध घेतले तरी घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे माझे पैसे लावीन, असे ठरवून घ्यावे, तसा हा प्रकार होता. डीआर-डॉस तांत्रिकदृष्ट्या कमी नव्हती. तिची १९९० ची पाचवी आवृत्ती आल्यावर एमएस-डॉसलाही सुधारावे लागले. तरीही दोनदा पैसे कोण मोजणार? अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९४ मध्ये समझोत्याने हे करार बंद करायला लावले, पण तोपर्यंत बाजार एका बाजूला झुकून गेला होता. यानंतरचे बी या कंपनीच्या बीओएस या प्रणालीचे उदाहरणही बोलके आहे. हिताचीने काही संगणकांवर विंडोजच्या जोडीने बीओएस घातली, पण संगणक सुरू होताना ती निवडण्याची सोय ग्राहकाला समोर दिसत नव्हती. पुढे बी कंपनीने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तो मिटला. मात्र तोपर्यंत कंपनीचा व्यवसाय संपलेला होता.

चांगली प्रणाली असली आणि पैसाही असला तरी ते पुरत नाही, हे आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीच्या बाबतीत दिसले. आयबीएमने १९९४ मध्ये ओएस/२ वॉर्प आणली आणि तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले जावेत म्हणून कोट्यवधी डॉलर खर्च केले. मायक्रोसॉफ्टवरील मक्तेदारीच्या खटल्यात अमेरिकेतील न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी १९९९ मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांनुसार ओएस/२ वर ऐन भरात सुमारे २,५०० प्रोग्रॅम चालत होते, तर विंडोजसाठी ७०,००० हून अधिक उपलब्ध होते. ग्राहक प्रोग्रॅम पाहून प्रणाली घेतो आणि प्रोग्रॅम लिहिणारा ग्राहकांची संख्या पाहून प्रणाली निवडतो. या फेऱ्यात नवा स्पर्धक आतच शिरू शकत नाही. मायक्रोसॉफ्टचे दोन भाग करण्याचा जॅक्सन यांचा आदेश २००१ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, परंतु मायक्रोसॉफ्टने मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, हा निष्कर्ष त्या न्यायालयानेही कायम ठेवला.

हा अडथळा मी माझ्या कामात नेहमी पाहतो. व्यापाऱ्याला मी उबुंटू ही लिनक्स कुळातील मोफत प्रणाली दाखवतो, ती त्याला आवडतेही, आणि मग तो विचारतो, ‘टॅली चालेल का?’ टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. खटपट करून ते लिनक्सवर चालवता येते, पण मार्चअखेरीस काही अडले तर त्याची जबाबदारी कोण घेणार? मुद्रकांची अडचण याहून खोल आहे. महाराष्ट्रातील छापखान्यांत वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, दिवाळी अंक आणि पुस्तके श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरवर, युनिकोडपूर्व (अक्षरांची जागतिक सामायिक संकेतपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप झाली आहेत आणि त्यांची मांडणी पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये आहे. हे सारे विंडोजवरचे. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर मराठीच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. श्री-लिपी पुण्याची, आयएसएमही पुण्याच्या सी-डॅकचे. मराठी अक्षरे संगणकावर आणण्याचे त्यांचे काम मोठे आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण ते काम एकाच प्रणालीवर उभे राहिल्यामुळे आपला मजकूरही त्या प्रणालीच्या स्वाधीन झाला. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम मुद्रकांनी आता तरी मनावर घ्यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

बिगर-परवाना विंडोजचा उल्लेख केल्याशिवाय भारतातील चित्र पुरे होत नाही. आपल्याकडे जुळणीच्या संगणकावर ‘फॉरमॅट मारून’ फुकट विंडोज घालून देणे ही कित्येक वर्षे रूढ पद्धत होती. त्यामुळे कंपनीचे नुकसान झाले असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. लिनक्स फुकट होती, पण चोरीची विंडोजही फुकटच पडत होती. त्यामुळे लिनक्सचा किमतीचा मुख्य फायदाच नाहीसा झाला आणि एक सबंध पिढी विंडोजवर तयार झाली. चीनमधील लोक सॉफ्टवेअर चोरणारच असतील तर ते आमचे चोरावे, पुढे पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पाहू, अशा आशयाचे विधान बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये उघडपणे केले होते. भारतातही त्याहून वेगळे काही घडले नाही.

स्पर्धेची नुसती चाहूल लागली तरी ग्राहकाचा फायदा होतो, याचा पुरावा २००७-०८ मध्ये मिळाला. असूसने २००७ च्या अखेरीस ‘ई पीसी’ हा छोटा, स्वस्त लॅपटॉप लिनक्ससह आणला आणि तो खूप खपला. विंडोज व्हिस्टा त्या यंत्राला झेपणारी नव्हती. जून २००८ नंतर त्याआधीच्या विंडोज एक्सपीची विक्री थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. तरी अशा स्वस्त यंत्रांसाठी तिने एक्सपी होम २०१० पर्यंत चालू ठेवली. ग्राहकांच्या विनंत्यांनी जे झाले नसते, ते एका पर्यायाच्या अस्तित्वाने झाले.

आज ऑपरेटिंग सिस्टीममधून पैसे मिळवण्याच्या रीती बदलल्या आहेत. ॲपल २०१३ पासून मॅकची प्रणाली वेगळे पैसे न घेता देते, कारण तिची किंमत यंत्रातच आहे. रेड हॅट लिनक्सची देखभाल वर्गणीने विकते, आणि त्या व्यवसायासाठी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजले. गूगल अँड्रॉइड फुकट देते आणि कमाई जाहिराती व प्ले स्टोअरमधून करते. मात्र प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची इतर ॲपही ठरलेल्या जागी घालावी लागतील, अशी अट तिने उत्पादकांवर घातली होती. इथे आपल्या देशाने ठामपणा दाखवला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या अटींबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाचे काही निर्देश रद्द केले, तरी दंड कायम ठेवला. आणि त्याआधीच, जानेवारी २०२३ मध्ये, उत्पादकांना ॲप सुटी घेता येतील व ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येईल, असे बदल भारतासाठी गूगलने जाहीर केले होते. संगणकाच्या बाबतीत असाच प्रश्न आपण का विचारू नये?

लिनक्स सामान्यांच्या आवाक्यातली नाही, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तेथील सरकारी व अनुदानित शाळांतील विद्यार्थी दीड दशकाहून अधिक काळ लिनक्ससारख्या मुक्त (कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरवर संगणक शिकत आहेत आणि दहावीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच देतात. तांत्रिक दर्जाबद्दल शंका असेल, तर जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालते. २०२० मध्ये त्या यादीत ६३ वे आलेले सी-डॅकचे ‘परम सिद्धी-एआय’ही त्यांतलेच. आपल्या राज्यात २००१ पासून लाखो लोकांनी एमएस-सीआयटी केली. त्या अभ्यासक्रमाने ग्रामीण भागातील संगणकाची भीती घालवली, हे मी स्वतः पाहिले आहे. पण त्याचा भर विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरच राहिला. सरकारी नोकरीसाठी विचारल्या जाणाऱ्या पात्रतेचा भर एका कंपनीच्या उत्पादनावर असला, की सरकारच नकळत त्या कंपनीचे ग्राहक घडवू लागते.

म्हणून काही ठोस मागण्या आपल्या पत्राद्वारे मांडतो. संगणक किंवा लॅपटॉपच्या बिलावर ऑपरेटिंग सिस्टीमची किंमत वेगळी लिहिणे केंद्र सरकारने बंधनकारक करावे आणि ती नको असल्यास तेवढी रक्कम वजा करून यंत्र मिळण्याची सोय असावी. सरकारी ई-गव्हर्नन्सच्या निविदांत मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करावा आणि तो न केल्यास कारण द्यावे, असे केंद्राचे २०१५ चे धोरण सांगते. तोच नियम राज्य सरकारने शाळांच्या संगणक खरेदीला लावावा आणि दिलेली कारणे जनतेला वाचायला उपलब्ध करून द्यावीत. एमएस-सीआयटीच्या परीक्षार्थीला लिनक्स आणि लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरवर परीक्षा देण्याचा पर्याय मिळावा. डिजिटल स्वाक्षरी लागणारी राज्याची सर्व संकेतस्थळे लिनक्सवर चाचणी घेतल्याशिवाय सुरू करू नयेत. आणि विंडोज १० च्या वाढीव अपडेटसाठी युरोपातील ग्राहकाला एक अट व भारतातील ग्राहकाला दुसरी अट का, याचे स्पष्टीकरण स्पर्धा आयोगाने मायक्रोसॉफ्टकडून मागवावे. घरगुती संगणकांसाठीची ही वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते, त्यामुळे हे तातडीने व्हायला हवे.

कळावे,

आपला नम्र,
एक संगणक व्यावसायिक,
जि. सांगली